‘यस्टरडे’नंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही?

कोकणकडा | सोमवार, रात्री 10:40

मंडळी, शंका क्षुल्लक आहे, पण गेले तीन आठवडे तिने माझं डोकं उठवलंय.

मी एका संस्थेसाठी पाणी आणि शेतीवरचे अहवाल मराठीतून इंग्रजीत करते. पाणलोट, शेततळी, टँकर, असे विषय. मी केलेलं इंग्रजी दोन जण तपासतात. एक बाई अमेरिकेत असतात, एक गृहस्थ इंग्लंडात. बाई स्वल्पविराम पेरतात आणि गृहस्थ ते वेचून काढतात.

मी लिहिलं होतं, “इन 2019 द व्हिलेज डग सिक्स फार्म पाँड्स.” बाईंनी 2019 च्या पुढे स्वल्पविराम घातला. गृहस्थांनी काढला. बाईंनी परत घातला, आणि या वेळी समासात शेरा: “ॲज डिस्कस्ड.” माझ्याशी कोणीही काहीही डिस्कस केलेलं नाही.

आम्हाला शाळेत शिकवलं होतं की वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे स्वल्पविराम द्यावा. मला दमा आहे. मी काय करू?

तर वाक्याच्या तोंडाशी “यस्टरडे”, “इन 2019”, “आफ्टर द रेन्स”, “टु सेव्ह वॉटर” असा एखादा तुकडा आला, की त्याच्यानंतर स्वल्पविराम हवाच असतो, की ती मर्जी? आणि मर्जी असेल तर कुणाची?

(इंग्रजी वाक्यं देवनागरीतच टंकतेय. मध्येच रोमन आलं की माझ्या फोनवर ओळी उड्या मारतात. समजून घ्या.)

चहाटळ | सोमवार, रात्री 10:52

बाईंची मर्जी. हा काय प्रश्न झाला?

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धविराम | सोमवार, रात्री 11:30

माझं पोट याच धंद्यावर आहे (इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं), म्हणून लिहितो. दोघेही बरोबर आहेत. म्हणजे तुमची सुटका नाही.

अमेरिकी छपाईची सवय अशा तुकड्यानंतर स्वल्पविराम देण्याची आहे. तिथेही सगळे एका सुरात बोलत नाहीत. पुस्तकवाले शिकागो मॅन्युअल मानतात, ते छोट्या क्रियाविशेषणी तुकड्याला सूट देतात. वर्तमानपत्रवाले असोसिएटेड प्रेसची पुस्तिका मानतात, तीही म्हणते की तुकडा छोटा असेल आणि घोटाळा होत नसेल तर गाळा. ब्रिटिशांचा हात मुळातच आखडता. “इन 2019 द व्हिलेज...” हे लंडनमध्ये कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही.

छोटा म्हणजे किती? तीन-चार शब्दांपर्यंत गाळला तर चालतो असा एक ठोकताळा डेस्कवर पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. ठोकताळाच तो, कायदा नव्हे.

पण ही सूट फक्त काळ-वेळ-जागा सांगणाऱ्या तुकड्यांना आहे. आत क्रियापद असलेलं अख्खं उपवाक्य पुढे आलं (“व्हेन द टँकर केम”), किंवा “आयएनजी”वालं काही आलं (“सीइंग द टँकर”), तर स्वल्पविराम घालायचा. लांबी मोजत बसायचं नाही.

कोकणकडा | सोमवार, रात्री 11:41

धन्यवाद. पण का? “व्हेन द टँकर केम” चार शब्दांचं आणि “इन द रेनी सीझन”ही चारच शब्दांचं. एकाला सक्ती आणि दुसऱ्याला सूट, हा कुठला न्याय?

अर्धविराम | सोमवार, रात्री 11:48

“का” विचारलंत तर मी डेस्कवाला आहे. आमच्याकडे “का”चं खातं नाही.

अण्णा_गुरुजी | मंगळवार, सकाळी 6:15

सुप्रभात. “का”चं खातं माझ्याकडे आहे.

सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळांत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आधी मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायची, 2000 सालापासून पहिलीला गिरवू लागली. विरामचिन्हांच्या प्रश्नात अवतरणं आणि फुलस्टॉप सगळे देत. हा तुमचा स्वल्पविराम मात्र पाचवीपासूनवाल्यांनाही जमला नाही आणि पहिलीपासूनवाल्यांनाही नाही. मला वाटायचं, पोरं धांदरट आहेत. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना लक्षात आलं की पोरं मराठी आहेत.

हे बघा.

“पाऊस पडल्यावर आम्ही पेरणी केली.”

इथे पहिला तुकडा संपला हे तुम्हाला कसं कळलं? “ल्यावर”मुळे. आपल्याकडे प्रत्यय शेपटीला लागतो. “टँकर आला तेव्हा”, “पाणी वाचवण्यासाठी”, “टँकर पाहून”, “पाऊस पडला तर”. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पाटी आहे की हा तुकडा इथे संपला, आता मुख्य गोष्ट ऐका.

इंग्रजीचं उलटं आहे. “आफ्टर इट रेन्ड वी सोड.” पाटी आहे ती तुकड्याच्या तोंडाशी, “आफ्टर”. तुकडा सुरू झाला हे कळतं. संपला कुठे? त्याची पाटीच नाही. वर्गात मी एसटीचं उदाहरण द्यायचो. “आफ्टर” म्हणजे कंडक्टरने एक घंटी मारून गाडी उभी केली. आता निघायचं कधी, ते डबल बेल मारल्याशिवाय ड्रायव्हरला कळणार कसं? स्वल्पविराम म्हणजे ती डबल बेल. आपल्या गाडीत ती “ल्यावर”मध्येच बसवलेली आहे, म्हणून आपल्या पोरांना वेगळी मारायची सवयच नाही.

पुढची गंमत. तेच वाक्य फिरवा: “वी सोड आफ्टर इट रेन्ड.” आता स्वल्पविराम लागत नाही. लागेल कशाला? दोन तुकड्यांच्या सांध्यावर “आफ्टर” स्वतःच उभा आहे. कोकणकडाताई, या एका गोष्टीवरून ताडून बघा. श्वासाचा नियम खरा असता तर दोन्हीकडे स्वल्पविराम लागला असता. श्वास दोन्हीकडे सारखाच घेतो आपण.

बे_एरिया_बंडू | मंगळवार, सकाळी 7:02

गुरुजी __/\__

इकडे वीस वर्षं झाली, पोरांच्या शाळेत “इंट्रोडक्टरी फ्रेज, सो कॉमा” एवढंच सांगतात. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ही डबल बेल आज मुलीला सांगणार. तिने एसटी पाहिलेली नाही, ती वेगळी अडचण.

चहाटळ | मंगळवार, सकाळी 9:20

डबल बेल न मारल्याने झालेला अपघात:

“व्हेन वी स्टार्टेड ईटिंग द गेस्ट्स अराइव्ड.”

पाहुणे खायला घेतले तर येतीलच की धावत.

दूधसागर | मंगळवार, सकाळी 9:47

चहाटळ, हे मस्त आहे. नाहीतर लोक तेच ते आजीला खाण्याचं (“लेट्स ईट, ग्रँडमा”) उदाहरण देतात, आणि तो स्वल्पविराम हाक मारण्याचा असतो, त्याचा इथे संबंध नाही.

माझ्याकडचं एक. पणजीत एका कार्यालयासाठी भाषांतर करताना मी स्वतः लिहिलं होतं: “आफ्टर द ट्रेन लेफ्ट द स्टेशन मास्टर केम रनिंग.” चार वेळा वाचूनही मला काही खटकलं नाही, कारण माझ्या डोक्यात “गाडी सुटल्यावर” असा “ल्यावर” वाजत होता. वाचणाऱ्याने वाचलं “गाडीने स्टेशन सोडल्यावर”, आणि पुढे “मास्टर केम रनिंग” पाशी बिचारा अडकला. हा कोण मास्टर, शाळेतला?

चूक भाषांतर करणाऱ्याला दिसत नाही ती याच कारणाने. मूळ वाक्य डोक्यात चालू असतं. आता मी इंग्रजी मसुदा दुसऱ्या दिवशी वाचते, मराठी कागद बाजूला ठेवून.

अर्धविराम | मंगळवार, दुपारी 1:10

गुरुजी, सकाळपासून तुमची डबल बेल डोक्यात वाजतेय. आमच्या सगळ्या “असंच असतं”ना त्यातून कारण मिळतंय.

“यस्टरडे” एका शब्दाचा तुकडा. तो कुठे संपला हे सांगायला पाटी नको, शब्द संपला की तुकडा संपला. म्हणून सूट. “इन 2019” तसंच. उपवाक्यात क्रियापद असतं, आणि क्रियापद पुढच्या नामाला कर्म म्हणून गिळायला टपलेलं असतं (ईटिंग द गेस्ट्स, लेफ्ट द स्टेशन). म्हणून चारच शब्द असले तरी सक्ती. हा झाला कोकणकडांचा न्याय.

आणि सूट असली तरी ती आंधळेपणाने घ्यायची नसते. आमच्याकडे एकदा छापायला जाता जाता धरलेलं वाक्य: “इन 2019 300 स्टुडंट्स अपिअर्ड.” आकड्याला आकडा चिकटला की ब्रिटिशसुद्धा स्वल्पविराम देतो.

“आयएनजी”चं आता मराठीत करून बघा:

“सीइंग द टँकर, द विमेन रॅन.” टँकर पाहून बायका धावल्या.

“सीइंग द टँकर मेक्स देम रन.” टँकर पाहणं त्यांना धावायला लावतं. (मराठी भिकार आहे, माफ करा.)

मराठीत “पाहून” आणि “पाहणं” हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्ही “सीइंग”. वाक्य सुरू झालं तेव्हा वाचणाऱ्याला कळत नाही की हे “पाहून” आहे की “पाहणं”. स्वल्पविराम आला की “पाहून”. नाही आला आणि थेट क्रियापद आलं की “पाहणं”. म्हणजे आपला “ऊन” हा प्रत्यय त्यांच्याकडे त्या टिंबाला शेपटी लावून लिहितात.

“टु सेव्ह वॉटर” तस्संच. “टु सेव्ह वॉटर, दे डग पाँड्स” म्हणजे वाचवण्यासाठी. “टु सेव्ह वॉटर इज हार्ड” म्हणजे वाचवणं. “साठी” आणि “णं” यांच्यातला सगळा फरक त्या एका चिन्हावर.

इतकी वर्षं लाल पेन चालवतोय आणि हे आज कळतंय, जाऊ दे.

कोकणकडा | मंगळवार, दुपारी 2:35

अर्धविराम, गुरुजी, कमाल आहे. मी उत्साहाच्या भरात आज अहवालाची वीस पानं धुऊन काढली. मोठा तुकडा दिसला की मार डबल बेल. एक वाक्य नमुन्याला:

“द वुमन हू हॅड वॉक्ड थ्री किलोमीटर्स फॉर वॉटर, सॅट डाउन.”

बरोबर ना?

अण्णा_गुरुजी | मंगळवार, दुपारी 2:58

चूक. ताई, घाई करू नका.

“पाण्यासाठी तीन किलोमीटर चालून आलेली बाई” हा तुकडा लांबलचक आहे, पण ती बाईच कर्ता आहे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम टाकायचा नाही, कर्ता कितीही लांब असो. मराठीत आपण एवढ्या मोठ्या कर्त्यानंतर बोलताना थांबतो, आणि तेच हात इंग्रजीत करतो. मुलांच्या पेपरांत मला गाळलेल्या स्वल्पविरामांपेक्षा असे जास्तीचे अधिक सापडायचे.

परीक्षा सोपी आहे. तो तुकडा झाकून बघा. उरलेलं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं का? “सॅट डाउन” उभं राहत नाही, बसलं कोण तेच कळत नाही. “इन 2019” झाकलं तर “द व्हिलेज डग सिक्स फार्म पाँड्स” ठणठणीत उभं आहे.

दूधसागर | मंगळवार, दुपारी 3:15

गुरुजींच्या परीक्षेला एक जोड. “इन द कॉर्नर ऑफ द फील्ड स्टँड्स ॲन ओल्ड वेल.” तुकडा सहा शब्दांचा, जागा सांगणारा, तरी स्वल्पविराम नको. लगेच क्रियापद आलंय आणि कर्ता, म्हणजे विहीर, शेवटी गेलीय. वाक्य उलटं फिरवलेलं आहे. यावर स्वल्पविराम देणारे मी भलेभले पाहिलेत.

बोरू | मंगळवार, संध्याकाळी 7:30

उशिरा आलो. श्वासाची बाजू घ्यायला आलोय, कारण ती अगदीच टाकाऊ नाही.

“कॉमा” हा शब्द ग्रीक, अर्थ कापलेला तुकडा. म्हणजे आधी हे नाव चिन्हाचं नव्हतं, तुकड्याचं होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ॲरिस्टोफेनिस नावाचा ग्रंथपाल होता (नाटककार तो वेगळा). त्याने मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी ओळीत वेगवेगळ्या उंचीवर ठिपके द्यायची पद्धत काढली, तुकडा किती मोठा त्यावर ठिपका कुठे ते ठरे. तेव्हा तो खरोखरच तोंडाने वाचण्याचा प्रश्न होता. आज दिसते ती शेपटीवाली खूण रुळली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस, व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिउसच्या छापखान्यातून. छापील पुस्तक लोक मनात वाचू लागले आणि हळूहळू चिन्हाचं काम कानाकडून डोळ्याकडे, श्वासाकडून व्याकरणाकडे सरकलं. शाळेतले मास्तर (गुरुजी सोडून) अजून अलेक्झांड्रियात आहेत, एवढंच.

आणि आपल्याकडे? मोडीचा एखादा कागद काढून बघा. आधी आडवी रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. स्वल्पविराम सोडा, दोन शब्दांत जागा नाही. शेकडो वर्षं सनदा, हिशेब, फौजांना हुकूम, सगळा कारभार त्यात चालला. गुरुजींचं म्हणणं इथे पटतं, कारण तुकडा संपल्याची खूण प्रत्ययातच होती. मराठीला विरामचिन्हं लावून दिली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात होते, तेच. इंग्रजी घरातलं सामान आहे ते, आपण वापरतो.

चहाटळ | मंगळवार, संध्याकाळी 7:44

म्हणजे पानिपतला हुकूम स्वल्पविरामाशिवाय गेला होता तर. आता कळलं. ह. घ्या.

बोरू | मंगळवार, संध्याकाळी 7:51

घेतलं. इतिहासाच्या धाग्यावर हे बोलू नकोस, तिथले लोक हलकं घेत नाहीत.

काळा_कोट | मंगळवार, रात्री 9:05

तुकडा संपल्याची पाटी चुकली तर काय होतं, याचं आमच्या क्षेत्रातलं उदाहरण.

कॅनडातल्या दोन दूरसंचार कंपन्या, रॉजर्स आणि एलियंट. खांबांवरून केबल नेण्याचा करार. एका वाक्याचा ऐवज असा: करार पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर पुढच्या पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी, एक वर्षाची पूर्वसूचना देऊन रद्द केला नाही तर. यात “त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी” या तुकड्याच्या पुढे आणि मागे असे दोन स्वल्पविराम होते. रॉजर्सचं म्हणणं, पहिली पाच वर्षं करार कुणाला मोडता येत नाही. एलियंट म्हणाली, दुसरा स्वल्पविराम बघा. दोन स्वल्पविरामांमधला तुकडा उचलून बाजूला ठेवला की रद्द करण्याची अट थेट पहिल्या पाच वर्षांना लागते. 2006 साली तिथल्या दूरसंचार नियामकाने एलियंटची बाजू उचलून धरली, व्याकरणाचा नियम सांगून. दहा लाख डॉलरचा स्वल्पविराम म्हणून जगभर छापून आलं.

पुढचा भाग कमी जणांना माहीत असतो. या खांबांच्या कराराचा नमुना मसुदा नियामकाने फ्रेंचमध्येही मंजूर केलेला होता, आणि फ्रेंच वाक्याची बांधणी अशी की दुसरा अर्थ निघतच नव्हता. 2007 साली त्या आधारावर नियामकाने आपला निर्णय फिरवला. रॉजर्स जिंकली.

आपल्याकडेही आहे एक. 1979 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, महाराष्ट्र शासन प्रतिवादी. औषधांच्या कायद्यात “स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल” असे शब्द होते. “स्टॉक्स”नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून न्यायालयाने तो सगळा तुकडा एक धरला: औषध नुसतं जवळ बाळगणं पुरेसं नाही, विकण्यासाठी बाळगलेलं हवं. अर्थात न्यायालयं एरवी सांगत असतात की विरामचिन्ह हा अर्थ लावण्याचा दुय्यम आधार आहे. सोयीचं असेल तेव्हा दुय्यम.

अर्धविराम | मंगळवार, रात्री 9:22

औषधांचं यादीतलं प्रकरण आहे, तो स्वल्पविराम वेगळा. कॅनडाचं मात्र चपखल. मजकूर दोन भाषांत होता म्हणून वाचले. मराठी मसुदा असता तर “साठी” आणि “तर” कुठे लागले त्यावर पाच मिनिटांत निकाल.

काळा_कोट | मंगळवार, रात्री 9:30

मराठी मसुदा असता तर “सदरहू उपरोक्त वर नमूद केल्याप्रमाणे”मध्ये वीस वर्षं गेली असती. आमच्या पोटावर पाय आणू नका.

सुगरण_नाही | मंगळवार, रात्री 10:10

मी पाककृतींचा इंग्रजी ब्लॉग चालवते, त्यामुळे धागा वाचनखुणांत साठवलाय. माझा प्रश्न वेगळा आहे. हे मी छापलंय:

“आफ्टर बॉइलिंग फॉर टेन मिनिट्स, माय मदर-इन-लॉ ॲडेड द सॉल्ट.”

स्वल्पविराम अगदी जागच्या जागी आहे. तरी एका वाचकाने खाली विचारलं, सासूबाईंची तब्येत आता कशी आहे. का?

अण्णा_गुरुजी | बुधवार, सकाळी 6:05

कारण उकळल्या सासूबाई. “आयएनजी”वाल्या तुकड्यात कर्ता लिहिलेला नसतो, तो स्वल्पविरामानंतर जो येईल त्याच्या गळ्यात पडतो. डबल बेल बरोबर मारलीत, पण गाडीत प्रवासी दुसराच.

मराठीत तुम्ही “डाळ दहा मिनिटं उकळल्यावर सासूबाईंनी मीठ घातलं” म्हणता. “ल्यावर” सोशिक आहे, त्याला दोन वेगळे कर्ते चालतात, डाळ आणि सासूबाई. “ऊन” तसा नाही. “दहा मिनिटं उकळून सासूबाईंनी” म्हटलंत तर मराठीतही भानगड होईल. इंग्रजी “आयएनजी” आपल्या “ऊन”च्या स्वभावाचं आहे, आणि आपण ते “ल्यावर” समजून वापरतो. “आफ्टर द दाल हॅड बॉइल्ड फॉर टेन मिनिट्स,” असं लिहा. डाळ आत आली की सासूबाई सुटल्या.

सुगरण_नाही | बुधवार, सकाळी 8:30

सुटल्या, पण मुद्दा फार घाईने दुरुस्त करावा असं वाटत नाहीये :)

बे_एरिया_बंडू | बुधवार, सकाळी 8:55

“हाउएव्हर”चं काय? मी तर डोळे मिटून त्याच्यापुढे स्वल्पविराम मारतो. हपिसातलं व्याकरण तपासणारं ॲपही तेच सांगतं.

अर्धविराम | बुधवार, सकाळी 11:15

“पण, तरीही” या अर्थाने असेल तर मारा. “हाउएव्हर, नो वॉटर केम.” परंतु “हाउएव्हर डीप दे डग, नो वॉटर केम” यात “हाउएव्हर” म्हणजे “कितीही”. तिथे लगेच मारलात तर “पण, खोल त्यांनी खणलं” असं काहीतरी कडबोळं होईल. ॲपला हा फरक नेहमी कळतोच असं नाही. माझ्यासमोर एकदा त्याने दोन वाक्यांत दोन उलटे सल्ले दिले होते.

आता विषय निघालाय तर माझं दुखणं. मराठी बातम्यांत वाक्याच्या तोंडाशी “मात्र,” लिहायची साथ आलीय. “मात्र, पाणी आले नाही.” अरे, “मात्र” हा ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या मागे चिकटून बसणारा शब्द आहे. पाणी मात्र आलं नाही. हा सरळ “हाउएव्हर,”चा देवनागरी अवतार आहे, स्वल्पविरामासकट. तीच गोष्ट “काल, मुंबईत, मुख्यमंत्र्यांनी”ची. “काल”नंतर कशाला थांबता? कालच्या पुढे खड्डा आहे?

बोरू | बुधवार, सकाळी 11:40

+१००

“दरम्यान,” राहिलं.

दूधसागर | बुधवार, दुपारी 12:05

“तथापि,” वाल्यांना माफ करा, ते निवृत्त झाले.

अर्धविराम, एका बाबतीत मात्र (बघा, मागे चिकटवलाय) असहमत. “काल”नंतर नसावा, कबूल. पण मराठीतही जेव्हा वाक्याचा तुकडा प्रत्ययाशिवाय लटकतो तेव्हा स्वल्पविराम लागतोच. “खरं सांगायचं तर” याला लागत नाही, “तर” आहे. “थोडक्यात” याला मी देते. देऊ नये का?

अर्धविराम | बुधवार, दुपारी 12:31

“थोडक्यात”ला द्या. मी देत नाही, पण तुमच्या मजकुरात असेल तर काढणारही नाही. (इंग्लंडातल्या गृहस्थांनी वाचावं हे.)

कोकणकडा | गुरुवार, रात्री 9:50

मंडळी, अपडेट.

काल गुरुजींची तुकडा झाकायची परीक्षा लावून पूर्ण अहवाल परत वाचला. कर्त्यानंतरचे माझे जास्तीचे स्वल्पविराम अकरा निघाले, सगळे मंगळवारच्या उत्साहातले. खरा घोटाळा करणारं वाक्य एकच सापडलं, आणि गंमत म्हणजे ते दोघा तपासनिसांच्याही नजरेतून सुटलं होतं: “व्हाइल द कमिटी वॉज मेझरिंग द पाँड ड्राइड अप.” समिती तळं मोजत होती की समिती मोजमाप करत असताना तळं आटलं? मूळ मराठीत “समितीची मोजणी चालू असतानाच तळं आटलं” असं स्वच्छ आहे. 2019 वरून इतकी मारामारी आणि याच्यावरून दोघेही हसत हसत पुढे गेले.

मग धीर करून दोघांना एकच पत्र पाठवलं. म्हटलं, छोट्या काळवाचक तुकड्यानंतर द्यायचा की नाही हे एकदाच ठरवा. मला दोन्ही चालेल, फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच हवं. उपवाक्य आणि “आयएनजी”नंतर मी देणारच, तिथे कुणी काढू नका. तळ्याचं वाक्यही दाखवलं.

उत्तरं आज आली. बाईंचं: “इन प्रिन्सिपल, आय ॲग्री.”

गृहस्थांचं: “इन प्रिन्सिपल आय ॲग्री.”

चहाटळ | गुरुवार, रात्री 9:53

खुर्चीवरून पडलो.

अण्णा_गुरुजी | शुक्रवार, सकाळी 6:10

मग 2019 चं काय ठरलं?

कोकणकडा | शुक्रवार, सकाळी 8:20

गुरुजी, वाक्य फिरवलं. “द व्हिलेज डग सिक्स फार्म पाँड्स इन 2019.” छपाईला गेलं सुद्धा.